मिउरा एस : कारखान्याने सुरू केली, मालकांनी पुरी केली

मोटारीचे परीक्षण लिहिणाऱ्याने ती निदान एकदा तरी स्वतः चालवलेली असावी ही अपेक्षा रास्त आहे, आणि मी ती पुरी करू शकत नाही हे आधीच सांगून टाकलेले बरे. लॅम्बोर्गिनी मिउराच्या स्टिअरिंगला माझा हात लागला आहे तो फक्त तिला गॅरेजात ढकलताना. मात्र तिच्या शेजारच्या सीटवर बसून मी तीन-चारशे किलोमीटरचा प्रवास केला आहे, आणि त्याहून कितीतरी जास्त वेळ तिच्या उघड्या इंजिनाशेजारी विजेरी धरून उभा राहिलो आहे. इटलीतल्या बोलोन्याच्या आसपास पॅकिंगची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांची दाटी आहे. भोसरीत अशीच यंत्रे दुरुस्त करणारा मी त्यांपैकी एका कारखान्यात नोकरीला आलो आणि तिथल्या एका निवृत्त सहकाऱ्याच्या ओळखीने एका मिउरा-मालकाच्या गॅरेजपर्यंत पोहोचलो. हे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, आयुष्य लेथवर काढलेले. ऐंशीच्या दशकात, या मोटारीकडे जुनी आणि कटकटीची म्हणून पाहिले जात होते तेव्हा, त्यांनी ती घेतली आणि अजून विकलेली नाही. तिचे नाव मिउरा पी-400 एस, साल 1969, आणि रंग जुन्या तांब्याच्या पिंपांची आठवण करून देणारा.

परीक्षण एका मोटारीचे असले तरी त्यात मालक लोक वारंवार डोकावतील, आणि त्याला माझा इलाज नाही. दोन वर्षे पाहिल्यावर माझे ठाम मत असे झाले आहे, की ही मोटार कारखान्यातून अर्धवट बाहेर पडली आणि उरलेले काम पन्नासहून अधिक वर्षे तिच्या मालकांनी केले.

हे अर्धवटपण तिच्या जन्मातच आहे. फेरूचो लॅम्बोर्गिनी हा रेनाझो गावचा शेतकऱ्याचा मुलगा ट्रॅक्टरच्या धंद्यात श्रीमंत झाला आणि 1963 मध्ये त्याने सांतागाता बोलोन्येझे येथे मोटारींचा कारखाना काढला. त्याला हव्या होत्या लांबच्या प्रवासाच्या, आरामशीर, न बिघडणाऱ्या मोटारी. त्याच्याकडच्या तरुण मंडळींना, म्हणजे अभियंते जान पाओलो दल्लारा आणि पाओलो स्तान्झानी, व मोटारी चालवून तपासणारा न्यूझीलंडचा बॉब वॉलेस यांना, शर्यतीच्या मोटारीसारखे काहीतरी करायचे होते. नोव्हेंबर 1965 मध्ये ट्युरिनच्या प्रदर्शनात त्यांनी नुसती चॅसी मांडली, भोके पाडून हलकी केलेली, वर इंजिन बसवलेली आणि बॉडीचा पत्ता नसलेली. ती पाहूनच लोक मागणी नोंदवायला पुढे आले. बॉडीचे काम बेर्तोने या कारखान्याकडे गेले, आणि तिथल्या मार्चेल्लो गांदिनी या सत्तावीस वर्षांच्या तरुणाने अवघ्या काही महिन्यांत जे घडवले, ते मार्च 1966 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात उभे राहिले. नाव घेतले ते झुंजीचे बैल पाळणाऱ्या मिउरा या स्पॅनिश घराण्याचे. त्या प्रदर्शनातल्या मोटारीच्या पोटात इंजिनाऐवजी नुसते वजन भरले होते आणि म्हणूनच झाकण कोणासाठी उघडले गेले नाही, ही गोष्ट इथले मोटारवेडे आजही हसत सांगतात. हिशेब साधा आहे : नोव्हेंबरमध्ये चॅसी, मार्चमध्ये मोटार, आणि त्याच वर्षी गिऱ्हाइकांच्या हाती किल्ल्या. एवढ्या वेळात आमच्याकडे साध्या लेबल लावणाऱ्या यंत्राच्याही चाचण्या पुऱ्या होत नाहीत.

आता रूप. याविषयी इतके लिहिले गेले आहे, की मी फक्त जे हाताला लागले तेवढेच सांगतो. तिची उंची सुमारे 105 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्यापेक्षा जेमतेम वीतभर जास्त. छायाचित्रात ती मोठी वाटते, पण शेजारी उभे राहिल्यावर तिचे छप्पर आपल्या कमरेच्या जरासे वर येते आणि आपल्यालाच ओशाळल्यासारखे होते. पहिल्या भेटीत मी दाराची कडी शोधत राहिलो. खिडकीच्या मागे काळ्या आडव्या पट्ट्यांची एक रांग आहे, ती हवा आत घेण्यासाठी असावी असे समजून मी तिला हात लावला नव्हता, आणि त्या पट्ट्यांतलीच एक पट्टी म्हणजे कडी निघाली. पेट्रोल भरायचे तोंडही असेच बॉनेटवरच्या काळ्या जाळीखाली लपलेले आहे. दोन्ही दारे उघडून समोरून पाहिले, की बैलाच्या शिंगांचा आकार दिसतो. गांदिनीने हे मुद्दाम केले की नाही यावर वाद घालण्यात मालकांचा बराच वेळ सुखाने जातो.

दिव्यांभोवतीच्या काळ्या पापण्या पी-400 आणि एस या दोन प्रकारांना आहेत, नंतरच्या एसव्हीला नाहीत. ते दिवे मुळात फियाट 850 स्पायडर या स्वस्त मोटारीचे. आमच्या घरी कुर्ल्यात बनलेली पद्मिनी होती, त्यामुळे इटालियन मोटार म्हटले की मला वडिलांची हीच फियाट आठवते, आणि या अब्जाधीशांच्या खेळण्याच्या तोंडावर फियाटचेच दिवे आहेत हे कळले तेव्हा मला का कोण जाणे फार बरे वाटले.

इंजिन हा या मोटारीचा गाभा, तिची सारी कर्तबगारी त्यातच आहे आणि सारी दुखणीही. बारा सिलिंडर, 3929 सीसी, एसमध्ये 370 अश्वशक्ती. ते सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे आडवे बसवलेले आहे. बारा सिलिंडरचे लांबलचक इंजिन आडवे बसवायचे तर गिअरबॉक्सला जागा उरत नाही. म्हणून दल्लाराने छोट्या ब्रिटिश मिनी मोटारीची युक्ती उचलली : इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतकामात घेतले आणि दोघांना तेलही एकच दिले. कागदावर ही कल्पना देखणी आहे. व्यवहारात तिचा अर्थ असा, की गिअर बदलताना झिजणाऱ्या धातूचा कीस त्याच तेलातून इंजिनाच्या बेअरिंगकडे जायला मोकळा असतो. शिवाय गिअरला हवे ते तेल इंजिनाला चालत नाही आणि इंजिनाला हवे ते गिअरला पुरत नाही. शेवटच्या काही एसव्हींमध्ये कारखान्याने दोन्ही तेले वेगळी केली, म्हणजे चूक मान्य केली, पण तोवर शेकडो मोटारी रस्त्यावर गेल्या होत्या.

या एसच्या मालकांनी यावर शोधलेला उपाय असा : तेल सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्याने बदलायचे आणि प्रत्येक वेळी काढलेले तेल पांढऱ्या कापडातून गाळायचे. कापडावर उरलेला कीस ते बोटांत चोळून पाहतात, लोहचुंबक फिरवतात आणि मग ठरवतात की काळजी करायची की नाही. पितळी चमक दिसली तर गिअरकडची आहे असे म्हणतात, राखाडी दिसली की गप्प होतात. गिअर थंड असताना ते दुसऱ्यात घालतच नाहीत, पहिल्यातून थेट तिसऱ्यात जातात. हे कोणत्याही पुस्तकात नाही, असे मी म्हणालो तेव्हा ते म्हणाले, की पुस्तक लिहिणाऱ्यांना गिअरबॉक्स स्वतःच्या पैशाने उघडावा लागला नव्हता.

दुसरे दुखणे जास्त गंभीर, आणि मिउराचे नाव काढताच लोक ज्याविषयी विचारतात ते : आग. या इंजिनावर वेबरचे चार कार्बोरेटर आहेत, प्रत्येकाला तीन घसे (हवा आणि पेट्रोल आत नेणाऱ्या नळ्या), म्हणजे बारा सिलिंडरना बारा. ही जात मूळची शर्यतीची. शर्यतीत इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत फिरते आणि येईल तेवढे पेट्रोल ओढून घेते. हीच मोटार सिग्नलला उभी राहिली, की ओढ संपते पण पेट्रोल येतच राहते, जास्तीचे पेट्रोल कार्बोरेटरच्या घशात साचते आणि त्याला निघून जायला नीट वाट नसते. मग हिरवा दिवा लागला, गडी जोरात निघाला आणि इंजिनाने एकदा उलट फटका दिला, की वर साचलेले पेट्रोल पेट घेते. खाली तापलेले इंजिन, वर पेट्रोल आणि मध्ये हवा. कित्येक मिउरा अशाच जळाल्या. पद्मिनीचा कार्बोरेटर ओव्हरफ्लो झाला, की वडील चोक आत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचे, आणि फार तर कोपऱ्यापर्यंत धक्का मारावा लागायचा. त्याच दोषाची ही बारापट आवृत्ती आहे.

म्हणून या गॅरेजातला निम्मा वेळ कार्बोरेटरवर जातो. मला शिकवले गेलेले पहिले काम हेच. अर्धा मीटर लांबीची एक रबरी नळी असते, तिचे एक टोक कानाला लावायचे आणि दुसरे एकेका घशाच्या तोंडाशी, इंजिन मंद चालू असताना. प्रत्येक घसा हवा ओढताना सुसाट असा आवाज करतो, आणि बारांचा आवाज एकाच पट्टीत यायला हवा. कमी ओढणाऱ्याचा स्क्रू किंचित फिरवायचा, मग पुन्हा पहिल्यापासून, कारण एक हलवला की शेजारचे दोन रुसतात. बाहेरच्या बाजूचे सहा त्यातल्या त्यात सोपे आहेत. केबिनच्या काचेकडचे सहा ऐकण्यासाठी तापलेल्या इंजिनावरून ओणवे व्हावे लागते, आणि शर्टाचे पुढचे बटण कार्बोरेटरमध्ये पडू नये म्हणून आजोबा (मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणतो, तोंडाने अर्थात ‘सिन्योरे’, म्हणजे साहेब) आधी शर्ट काढून बनियनवर येतात. त्यांना हे कानाने कळते, मला अजून सहावा आणि सातवा एकसारखेच वाटतात. पेट्रोलच्या नळ्या दर काही वर्षांनी नव्या, कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई दरवर्षी तपासायची आणि अग्निशामक नळकांडे सीटमागे नव्हे तर हाताशी, हे इथले नियम आहेत. सिग्नलवर ते इंजिन मंद सोडत नाहीत, ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवून फेऱ्या थोड्या वर धरतात. शेजारच्या मोटारीतल्यांना तो बडेजाव वाटतो.

मोटार सुरू करण्याचा क्रम असा : किल्ली अर्धी फिरवायची, पेट्रोलचा विजेचा पंप टकटक करू लागतो, ती टकटक मंदावेपर्यंत थांबायचे, ॲक्सिलरेटर तीन-चारदा दाबायचा आणि मग स्टार्टर. घाई केली की दहा मिनिटे वाट पाहण्याची शिक्षा. दिवे आणि पंख्याची बटणे विमानातल्यासारखी डोक्यावर छताला आहेत, एसमध्ये काचा विजेवर चालतात, आणि या दोन गोष्टींपलीकडे सोयी म्हणाव्यात असे फारसे काही नाही. बसण्याची जागा आडवे पडल्यासारखी आहे. पाय आखूड आणि हात लांब असलेल्या माणसासाठी ती बनवली असावी. मी त्या वर्णनात बसत नाही.

विन्योलाहून झोक्काकडे डोंगर चढणाऱ्या रस्त्यावर आम्ही रविवारी सकाळी जातो. पहिल्या वळणातच लक्षात येते, की वजन आपल्या पाठीमागे आहे आणि मोटार आपल्याभोवती फिरते आहे. डोक्यामागे वीतभर अंतरावर उभी काच आणि काचेपलीकडे बारा सिलिंडर, चार कॅमशाफ्ट, त्यांना फिरवणाऱ्या साखळ्या. मिनिटाला 3000 फेऱ्यांना हा आवाज निरनिराळ्या आवाजांची गर्दी असतो, म्हणजे साखळीची खडखड, गिअरची शीळ, कार्बोरेटरचा श्वास. 5000 च्या पुढे ते सगळे एकमेकांत मिसळतात आणि बोलणे थांबवावे लागते. त्या क्षणासाठी मालक मंडळी बाकीचे सारे सोसतात हे मला पहिल्या फेरीतच पटले. केबिन जूनमध्ये इतकी तापते, की पाठ सीटला चिकटते. मागे इंजिनापलीकडे छोटीशी डिकी आहे, तिच्यात चीज ठेवण्याची चूक आम्ही एकदाच केली.

वेगाचे म्हणाल तर कारखान्याच्या काळात ताशी 280 किलोमीटरच्या घरातले आकडे सांगितले जात. त्या वेगाची चर्चा मला अप्रस्तुत वाटते, कारण पेट्रोलची टाकी पुढे आहे आणि ती रिकामी होत गेली की मोटारीचे नाक हलके होते. त्यात नाकाचा आकारच हवेवर उचलला जाणारा. त्यामुळे पन्नास किलोमीटर गेल्यावर स्टिअरिंग जे सांगत होते, ते दोनशे किलोमीटरनंतर सांगत नाही. आमचे सिन्योरे टाकी निम्म्याखाली जाऊ देत नाहीत आणि ताशी 130 च्या वर जात नाहीत, आणि या दोन्हींबद्दल त्यांना लाज वाटत नाही. वॉलेसने 1970 मध्ये हे दोष दूर करण्यासाठी योता नावाची एकुलती एक मिउरा बनवली होती. कारखान्याने ती विकली, आणि पुढच्याच वर्षी ब्रेशियाजवळ ती अपघातात जळून गेली. जॅझचा राजा माइल्स डेव्हिस याने 1972 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आपल्या मिउराचा अपघात केला आणि दोन्ही घोटे मोडून घेतले. देखण्या वस्तूला माणसे माफ करतात असे म्हणावे, तर हिला जरा जास्तच माफ केले गेले आहे.

सुटे भाग ही मालकी हक्काची खरी परीक्षा. सुमारे 760 मोटारी बनल्या, त्यातही तीन प्रकार, आणि एकाच प्रकारातल्या दोन मोटारींचे पत्रे एकमेकांना तंतोतंत बसतील याची खात्री नाही, कारण बेर्तोनेकडे ते बऱ्याच अंशी हातानेच बसवले जात. एका नामांकित म्हणवणाऱ्या विक्रेत्याकडून गेल्या वर्षी फ्लोटच्या सुया मागवल्या. त्या पोहोचायला अकरा आठवडे लागले आणि बाराच्या बारा एका केसाने जाड निघाल्या. परत पाठवण्याऐवजी सिन्योरेंनी त्या लेथवर धरल्या आणि एका दुपारी सरळ केल्या, विक्रेत्याला मात्र चार ओळींचे अतिशय सभ्य आणि अतिशय विषारी पत्र लिहिले. ज्याच्याकडे लेथ नाही त्याने काय करावे, हा प्रश्न उरतोच. लॅम्बोर्गिनी कंपनीने 2015 मध्ये पोलो स्तोरिको हा जुन्या मोटारींचा विभाग सुरू केला. तो मूळ कागदपत्रे सांभाळतो, मोटार अस्सल असल्याचे प्रमाणपत्र देतो, संपूर्ण पुनर्बांधणी करतो आणि काही सुटे भागही पुन्हा बनवतो. विकत घेणाऱ्याने असे प्रमाणपत्र मागावेच, कारण साध्या मिउराला एसव्हीचे रुंद मागचे मडगार्ड लावून एसव्ही म्हणून खपवण्याचा मोह या किमतींत कोणालाही होईल.

किमती सांगतो. 1966 मध्ये ही मोटार 77 लाख लिऱ्यांना, म्हणजे तेव्हाच्या साधारण 12,000 डॉलरना मिळत होती. आज चांगली एसव्ही लिलावात 20 लाख डॉलरच्या पुढे जाते. यामुळे मालकांची एक नवी जात आली आहे, जी मोटार वातानुकूलित खोलीत ठेवते आणि दोन वर्षांतून एकदा ट्रकवर चढवून प्रदर्शनाला नेते. माझे स्पष्ट मत आहे, की हे लोक मोटारीचे नुकसान करतात. उभ्या मिउराची रबरी सील सुकतात, पेट्रोल कार्बोरेटरमध्ये वाळून डिंकासारखे होते, ब्रेक धरून बसतात, आणि मग कोणीतरी हौसेने ती सुरू करतो तेव्हा नेमकी ती आग लागते जिची सगळ्यांना भीती असते. दर रविवारी चाळीस किलोमीटर चाललेली, पत्र्यावर खड्यांचे ओरखडे असलेली मिउरा मी डोळे झाकून घेईन. प्रदर्शनात आरशासारखी चमकणारी मात्र उघडून पाहिल्याशिवाय घेणार नाही. (घेणार कुठून, हा भाग वेगळा.)

तिन्ही प्रकारांत निवड करायची तर एसव्ही यंत्र म्हणून निर्विवाद उत्तम, त्यातही तेल वेगळे केलेली. तिचा मागचा भाग रुंद आहे आणि ती वळणावर जास्त शहाण्यासारखी वागते. पण पापण्या नाहीत. पहिल्या पी-400 मध्ये ताजेपणा आहे आणि दोषही ताजेच आहेत. एस ही मधली बहीण, निम्मी सुधारलेली, आणि जिच्यावर मालकाच्या हाताला अजून बरेच काम उरते अशी. नव्या सुपरकारच्या तुलनेत तिच्यात कशातच सरसपणा नाही, वेगात नाही, ब्रेकमध्ये नाही, विश्वासात तर नाहीच. कोणी म्हणेल, पैसे असतील तर घ्यावी. मी म्हणेन, पैसे आणि रबरी नळी लावून ऐकायचे कान असतील तर घ्यावी, आणि कान नसतील तर ज्याला ते आहेत अशा माणसाच्या गावाजवळ राहायला जावे.

परवा झोक्काहून परतल्यावर नेहमीप्रमाणे मागचे झाकण उघडे टाकले, इंजिन थंड व्हायला तास लागतो. मोटारीखाली वर्तमानपत्र अंथरायचे काम आता माझे असते. ते गुलाबी कागदाचे क्रीडा दैनिकच हवे असा सिन्योरेंचा हट्ट आहे, कारण त्या कागदावर तेलाचा डाग लगेच ओळखू येतो आणि पाण्याचा लगेच वाळतो. दुसऱ्या दिवशी ते कागद बाहेर ओढून डाग मोजतात, त्यांच्या जागा पाहतात, आणि गेल्या आठवड्याच्या कागदाशी ताडून पाहतात. मी पान अंथरून उठलो तर त्यांनी वाकून पाहिले आणि मला ते पुन्हा काढायला लावले. मी पान उलटे घातले होते. तारीख वर यायला हवी.